इरल्याखाली काय होतं

माझी बायको गेली तेव्हा दहाव्याला तिच्या पिंडाला कावळा शिवेना. इंद्रायणीच्या काठी आम्ही सगळे उन्हात बसलो होतो. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या बाभळीवर बसून आमच्याकडंच बघत होते. मुलगा हात जोडून म्हणाला, आबांना मी सांभाळीन. लेक म्हणाली, तुझ्या शेळ्या कुणाला विकू देणार नाही. भावकीतला एकेक जण पुढं होऊन काय काय कबूल करत होता. कावळा हलेना. शेवटी भटजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला, तेव्हा माझं डोकं फिरलं. जितीजागती बाई होती ती, तिला गवताचा कावळा? मी उठलो आणि चारचौघांत म्हणालो,

"त्या इरल्याखाली काय असतं ते बघून येतो आन तुला सांगतो. मग तर झालं?"

कावळा उतरला. पिंडाला चोच लावली.

लोकांना वाटलं, म्हातारा बरळला. लेकीला मात्र कळलं.

गोष्ट अशी होती. बायको लोणावळ्यात रस्त्याच्या कडेला बसून कणसं भाजायची, उन्हाळ्यात करवंदं, जांभळं विकायची. मी आमच्या गावाहून, औंढ्याहून, तिला माल पोचवायचो आणि तिथंच टेकायचो. समोर एक मोठं हॉटेल झालं. दक्षिणेकडच्या खाण्याचं, पण नव्या तऱ्हेचं. दर्शनी भिंत सगळी काचेची. आतली माणसं जेवताना दिसायची, ऐकू काही यायचं नाही. तिथं एक डोसा टेबलावर उभा करून आणायचे. वर निमुळता, खाली पसरट. भात लावताना आम्ही पाठीवर पानांचं इरलं घेतो, तसाच. बायको त्याला इरलंच म्हणायची. ती म्हणायची, खाली वाटी पालथी घातलेली असणार, न्हाईतर उभं कसं राहील. मी म्हणायचो, आत भाजी ठासून भरलेली असणार. गिऱ्हाईक नसलं की आमचं ह्यावर जुंपायचं. एकदा आत जाऊन बघू असं ठरलंही होतं. मग ती आजारी पडली आणि राहिलं.

आता चारचौघांत शब्द दिलेला. कावळ्याला भूक लागली होती म्हणून तो आला असेल, मी काही खुळा नाही. पण शब्द माझा होता. रात्री अंग टाकलं की तोच डोक्यात. ताटावर बसलो तर घास फिरायचा. भावकी म्हणाली, वर्षश्राद्ध तरी होऊ दे, लगेच हॉटेलात कसला जातोस. मी म्हणालो, वर्षभर ती वाट बघत बसंल, तुमी न्हाई.

लेक वडगावला दिलेली. ती आली, मला धुतलेलं धोतर नेसायला लावलं आणि आम्ही गेलो. दारात नाव आधी नोंदवलं होतं का म्हणून विचारलं. लेकीनं नोंदवलं होतं. माझ्या चपलांकडं कुणी बघितलं नाही. मला वाटलं होतं, बाहेर काढतील.

आत थंडी. वाढणारा मला सर म्हणत होता. चहा द्यायच्या भांड्याएवढ्या पेल्यात काहीतरी गरम आणलं. मी फुंकून घोट घेतला, तर आमटीचं पाणी. लेकीला म्हणालो, "ह्यांनी डाळ कुटं ठेवली?" ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसली.

मग ते इरलं आलं. काळ्या पाटीवर उभं. जवळून बघितलं तर आमच्या घरच्या इरल्याहून पातळ, उजेड पलीकडून दिसतोय. चटण्या बाजूला वेगळ्या. मी हात मांडीवर ठेवून बसलो. उचलवेना. एकदा उचललं की तिचं इथलं शेवटचं काम संपलं, असं झालं मला.

"उचला, आबा," लेक म्हणाली. "गार हुईल."

दोन्ही हातांनी उचललं. आतून वाफ आली तोंडावर. बाकी काही नाही. वाटी नाही, भाजी नाही. आपल्याच जोरावर उभं होतं. आम्ही दोघंही चुकलो होतो.

लेकीच्या डोळ्याला पाणी आलं. वाढणारा घाबरून धावत आला, "कुछ प्रॉब्लेम है, सर?"

"व्हता," मी म्हणालो. "मिटला आता."

त्यानंतर मी जेवलो. चांगला जेवलो. आणखी भात मागून घेतला. डोशाचा शेंड्याकडचा तुकडा तेवढा कागदात बांधला, तिच्या वाटणीचा.

बघणं झालं, सांगायचं राहिलं. मेलेल्या माणसाला सांगायचं कसं, ते मला येत नव्हतं. रस्ता ओलांडून तिच्या जागेवर गेलो. तिथं आता दुसरी बाई कणसं भाजत होती. वरच्या ठाकरवाडीतली असावी. मी नुसताच उभा राहिलो.

"कणीस देऊ का, आबा?"

"नगं. पोट भरलंय."

तिनं हॉटेलाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुमी आत जाऊन आलाव? मी रोज बगती हितनं. ते टोकदार उभं आणत्यात, त्याच्या आत काय असतं वो?"

तिच्या जागेवर बसून, तोच सवाल. मी बोललो. जरा मोठ्यानंच बोललो.

"काय नसतं. वाफ असती नुसती. वाटी बी न्हाई आन भाजी बी न्हाई."

"मंग उभं कसं ऱ्हातं?"

"ऱ्हातं."

पुडी तिच्या हातात दिली. तिनं तुकडा मोडून तोंडात टाकला, चावला, आणि म्हणाली, "मीठ कमी हाय." मग कणसाला लावायचं तिखटमीठ त्याला चोळून राहिलेला खाल्ला.

सांगून झालं होतं. परतीच्या जीपमध्ये मी लेकीच्या खांद्यावर जो झोपलो, तो औंढं आलं तरी उठलो नाही. तिनं हलवून उठवलं.