शुभेच्छुकाची हळद

आमच्या हट्टा गावच्या हॉटेलात एकच पेपर येतो आणि आल्याबरोबर त्याची पानं सुटी होतात. जो तो आपलं पान ओढून घेतो. निवृत्त गुरुजींना निधनवार्ता लागतात. आपल्याहून लहान वयाचं कोणी गेलेलं दिसलं की ते तृप्त होऊन दुसरा चहा मागवतात. माझं पान मारामाऱ्यांचं. कोणी कोणाचं डोकं फोडलं हे कळल्याशिवाय माझं पोट साफ होत नाही.

पण या सगळ्या दिवट्यांचा मुकुटमणी म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. त्याला जिल्हा परिषदेला उभं राहायचंय. म्हणून तो फक्त पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती वाचतो, त्यातही खालचे शुभेच्छुकांचे अंगठ्याएवढे फोटो.

गेल्या मार्चात अशाच एका जाहिरातीत त्याचा फोटो झळकला. घरी शिजवलेली हळद खळ्यावर उघडी वाळत पडलेली, वहिनी आठ दिवस तिच्यापायी राबलेली. आणि हा हॉटेलात एकेकाच्या नाकापुढं पान नाचवून राहिला.

"फार बारीक आला रे," गुरुजी म्हणाले.

"तिसऱ्या ओळीत हाय मी, गुरुजी! मागच्या खेपेला पाचवीत होतो."

"पण दादा, डोळे काहून मिटलेत?" मी म्हटलं. "झोपेत शुभेच्छा दिल्या व्हय?"

त्याच जाहिरातीच्या डोक्यावर, ठळक अक्षरांत, दुपारनंतर अवकाळी पावसाचा इशारा छापला होता. दहा-पंधरा शिकल्यासवरल्या माणसांनी ते पान हाताळलं. एकाचीही नजर वर गेली नाही. माझीही नाही; मी भावासारखंच तिकीट मागणाऱ्या त्याच्या विरोधकाचा फोटो कितव्या ओळीत आहे ते शोधत होतो.

दुपारी टपोरे थेंब पडायला लागले तेव्हा आम्ही दोघं पळत खळ्यावर पोचलो. वहिनी एकटीच फावड्यानं हळद ओढत होती.

"आभाळ भरलं तवापासून फोन करून राहिले तुमाला!"

"स्टेटस टाकत होतो," भाऊ म्हणाला, आणि माझ्यावरच खेकसला, "पाऊस येणार हे काहून कोणी सांगितलं न्हाई मला?"

"रोज दोन घंटे पेपर वाचून येता न् वरून इचारता? धरा ते ताडपत्रीचं टोक!"

निम्मी झाकली, निम्मी भिजली. पाऊस थांबल्यावर भिजलेली हळद आम्ही पडवीत पसरली.

"नुकसानीची बातमी द्यावी लागते," भाऊ गंभीरपणे म्हणाला.

"आधी हिला वारं लावा. काळी पडली तर कोणी हात लावणार न्हाई."

तेवढं मात्र त्यानं बराबर ऐकलं. घरातला टेबलफॅन आणला, चालू केला, आणि त्याच्यापुढं छाती काढून उभा राहून आधी आपला पांढरा सदरा वाळवला.