उपरण्याखालचा सौदा

आण्णा गेल्याचा फोन माझ्या सासरी, देवळाली प्रवऱ्याला, आमच्या शेजाऱ्यांकडे आला, तेव्हा मी दळण घेऊन नुकती दारात पोहोचले होते. दीड महिना झाला. अजून बाजाराचा वार आला की वाटतं, आण्णा उपरणं झटकून निघाले असतील... माझे वडील घोडेगावच्या बाजारात जनावरांचे दलाल. उपरण्याखाली हात धरायचा आणि बोटं दाबून भाव ठरवायचा. एक बोट म्हणजे एक हजार, शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नसे. मला त्याचं भारी कुतूहल, पण पोरीबाळींना त्या उपरण्याखाली जागा नव्हती. लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात माझं मधलं बोट अर्धं गेलं, तेव्हा मात्र याच माणसानं मला खांद्यावर टाकून भर उन्हात दवाखाना गाठला होता.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत आण्णांची आठवण गेली. आधी सोयऱ्यांची नावं, मग आम्ही. मला ते 'पाव्हणीबाई' म्हणू लागले. एकदा तरी त्यांनी मला नावानं हाक मारावी, एवढंच मला हवं होतं. दादानं, माझ्या भावानं, पुण्याहून डोक्याला बांधायचा चुंबकाचा पट्टा आणला. नगरचे डॉक्टर हसले. परदेशात चीरफाड न करता, बाहेरूनच चुंबकाचे झटके देऊन मेंदू जागा होतो का ते बघतायत म्हणे, पण ते यंत्र वेगळं, हा आपला साधा लोहचुंबक. "अपाय नाही, बांधा," म्हणाले. दादाचा पट्ट्यावर भारी विश्वास. आण्णा मात्र बांधला रे बांधला की तो भिरकावून द्यायचे.

मी माहेरी गेले की पट्टा बांधून त्यांना बसवून ठेवायचं काम माझ्याकडे. एका दुपारी काही सुचेना, तेव्हा त्यांचंच उपरणं आमच्या हातांवर टाकलं न् म्हटलं, "बोला, गाय देता का?" आण्णा एकदम ताठ बसले. पट्टा विसरले. मी तीन बोटं पुढे केली, त्यांनी ती चाचपली.

"अडीच? येवढ्याला शेळी बी येत न्हाई!"

मला हसू फुटलं. "आण्णा, तीन हायेत की."

त्यांनी पुन्हा चाचपलं. मधल्या बोटाच्या थोटकावर त्यांचा अंगठा थांबला, तिथंच फिरत राहिला...

"कुट्टीत गेलेलं बोट हाय हे," ते हळूच म्हणाले. "मंदे, दुखतं का गं आजून?"

मी कसंबसं "न्हाई, आण्णा" म्हटलं. घटकाभरानं मी पुन्हा पाव्हणीबाई झाले. नंतर कितीदा तरी तोच सौदा मांडला. बोट कधी ओळखीचं निघालं, कधी नाही. आण्णांनी मला ओळखलं ते पट्ट्यामुळंच, असं दादा गावभर सांगत फिरला. मी वाद घातला नाही. बिचाऱ्यानं किती हौसेनं आणला होता.

पट्टा दादाकडे राहिला, उपरणं मी मागून घेतलं. अजून धुतलेलं नाही. त्याला गोठ्याचा न् तंबाखूचा वास आहे. रात्री थंडी पडली की अर्ध्या बोटाला कळ लागते. मग कपाटातून ते काढते, हातावर ओढून घेते आणि बसून राहते.

व्हय आण्णा, दुखतं... थंडीत लई दुखतं.