हमीदा आपांना मी विचारलंच नव्हतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आईला तर नाहीच. ती गेली तेव्हा तिच्या लेखी तिची मुलगी अगदी सरळ स्वभावाची होती. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की हीसुद्धा एक पळवाटच? असेल.

माझं काम तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. यंत्राबरोबर जी पुस्तिका येते ना — जी कुणी वाचत नाही, आणि यंत्र अडलं की घरभर शोधतात — ती लिहिणारी मी. तेवीस-चोवीस वर्षं हेच करते आहे. उज्जैनमध्ये सुरुवात केली, मग इंदूर, मग पुणे, आणि आता परत उज्जैनला, माधव नगरात, घरी बसून परदेशातल्या कंपनीसाठी. हाताखाली अकरा जण आहेत. नवीन लोकांना मी शिकवते, आणि लोक म्हणतात, तुमच्यासारखं सोपं कुणी लिहीत नाही.

ते सोपं लिहिणं माझं नाही.

एमएस्सी झाल्यावर मक्सी रोडवरच्या एका कारखान्यात लागले. तिथे दवाखान्यांसाठी वाफेचे हंडे बनायचे, म्हणजे शस्त्रक्रियेची अवजारं ज्यात दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करतात ते. त्यांची पुस्तिका हिंदीत आणि इंग्रजीत लिहायची होती. मी लिहिली. शाळेत निबंधाला बक्षिसं मिळवलेली मुलगी मी — एकेक वाक्य पाच-पाच ओळींचं. दवाखान्यांतून फोन यायला लागले. नर्सेसना काही कळत नव्हतं. एकीने वाफ असताना दार उघडलं होतं आणि थोडक्यात वाचली होती. मालकांनी मला बोलावून पुस्तिका टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाले, "बेटा, ये किसके लिए लिखा है?"

मी पुस्तिका उचलली आणि जागेवर येऊन बसले.

आणि मग मी हमीदा आपांना ऐकलं.

आपा त्या हंड्यांची तपासणी करायच्या. उज्जैनमधल्याच भैरवगढच्या. सासर कापडावर छपाई करणाऱ्यांचं, पण त्या काळात छपाईचं काम बसलं होतं म्हणून कारखान्यात आलेल्या. शिक्षण आठवीपर्यंत. हिंदी वाचायच्या, पण एकेका शब्दावर बोट ठेवून. त्या दिवशी गावाकडच्या दवाखान्यातल्या दोन नर्सेस यंत्र बघायला आल्या होत्या आणि साहेब जागेवर नव्हते, म्हणून आपाच समजावत होत्या. मी सहज दारात थांबले.

काय सांगू तुम्हाला! मी फिजिक्स शिकलेली, दाब आणि तापमानाची समीकरणं मला तोंडपाठ. पण वाफ म्हणजे काय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आपा म्हणाल्या, "काँटा शून्य पे आ जाए तब भी भरोसा मत करना. मुँह बाजू में. दरवाजा एक उँगली जितना खोलो, बस. भाप को पहले निकलने दो, उसको तुमसे ज्यादा जल्दी है."

त्या नर्सेस हसल्या. आणि मी बघत होते — हसता हसता दोघींनी आपोआप तोंडं बाजूला वळवली होती! यंत्र बंद होतं, वाफ नव्हतीच. नुसत्या वाक्याने त्यांचं अंग हललं होतं. शब्द असं करू शकतात?

दुसऱ्या दिवसापासून मी आपांजवळ बसायला लागले. चहाच्या सुट्टीत, दुपारी, जमेल तेव्हा. त्या बोलायच्या, मी लिहून घ्यायचे. त्यांना त्यात काही विशेष वाटत नसे. एकदा मी विचारलं, धोक्याची गोष्ट तुम्ही नेहमी आधी का सांगता? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, जणू मी विचारलं होतं की जेवणाआधी हात का धुता. "हाथ चल पड़ा तो आँख फिर पढ़ती नहीं, दीदी." आणखी एकदा म्हणाल्या, "एक साँस में एक ही काम बताओ. दो बताओगी तो एक छूटेगा."

मोठमोठ्या कंपन्यांमध्ये मी नंतर या विषयाची प्रशिक्षणं घेतली, जाडजूड पुस्तकं वाचली. या दोन वाक्यांपलीकडे त्यांत काही नव्हतं. खरंच सांगते, काही नव्हतं.

नवीन पुस्तिका छापून आली. आतल्या पानावर माझं नाव. फोन येणं बंद झालं. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, तुला हे सुचलं कसं? आपा तिथेच, भिंतीपाशी उभ्या होत्या. मी म्हणाले, "सर, बस… नर्स की जगह खुद को रखके सोचा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपांनीही.

तुम्हाला वाटेल, हीच ती चूक. नाही. एवढीच असती तर कदाचित मी ती केव्हाच हसत हसत सांगून टाकली असती — अशा गोष्टी सांगून माणूस उलट मोठाच दिसतो. खरं आहे ते पुढेच आहे, आणि तिथे आलं की मी दर वेळी थांबते.

दोनेक महिन्यांनी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, हमीदाला तुझ्याबरोबर बसवू या का? नर्सेसना शिकवेल, पुस्तिका छापायच्या आधी बघेल. वरची जागा, मानाची. तू जरा विचारून बघ तिला.

ती बाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली, की आठवड्याभरात सगळ्यांना कळणार होतं कोण कुणाचं बोलतं आहे. मी म्हणाले… 'विचारते' एवढं तरी म्हणायचं होतं. मी म्हणाले, "सर, मैंने पूछा था उनसे. घर की वजह से मना कर रही हैं."

किती सहज आलं ते तोंडून! आधी ठरवलेलंसुद्धा नव्हतं.

मालकांनी मान हलवली. विषय संपला, असं मला वाटलं. चार दिवसांनी मालक कारखान्यात फेरी मारत होते, मी मागे होते. आपांच्या टेबलाशी ते थांबले आणि म्हणाले, "हमीदा, मना क्यों कर दिया? अच्छा मौका था."

आपांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. किती वेळ? दोन सेकंद असेल. मी खाली बघायला हवं होतं, तेही जमलं नाही.

"हाँ साब," आपा म्हणाल्या, "घर पे काम बहुत रहता है."

मी आजही त्या वाक्यापाशी उभी आहे. का म्हणाल्या असतील? एका शब्दात माझं सगळं उघडं पाडता आलं असतं. मी त्यांची कोण होते?

आणि एवढ्यावर थांबलं नाही. त्याच आठवड्यात मी मोठ्या हंड्याची पुस्तिका लिहीत होते, आता एकटीच, कारण त्यांच्याजवळ जाऊन बसण्याचं तोंड नव्हतं. कच्ची प्रत तपासणी विभागात गेली होती. दुपारी आपा स्वतः माझ्या टेबलाशी आल्या. एका ओळीवर बोट ठेवलं. दुसऱ्या फेरीसाठी पाणी भरा, असं मी लिहिलं होतं. आधी आतला दाब पूर्ण जाऊ द्या, हे लिहायचं राहिलं होतं.

"दीदी, यहाँ किसी का मुँह जलेगा."

बस. आवाजात राग नाही, टोमणा नाही. मला शरम वाटावी असंही काही नाही. कुठल्यातरी गावातल्या, कधी न पाहिलेल्या नर्सचा चेहरा वाचावा म्हणून ती बाई माझ्याकडे चालत आली होती, त्या आठवड्यात! आजवर मी देवळं पाहिली, समुद्र पाहिला, परदेशातले मोठमोठे पूल पाहिले. त्या बोटापुढे जशी गप्प झाले तशी दुसरीकडे कुठेच झाले नाही.

आणि तरी मी काय केलं? ओळ दुरुस्त केली. मालकांना सांगितलं नाही. सहा महिन्यांनी तीच पुस्तिका दाखवून इंदूरला नोकरी मिळवली. आपा तपासणीच्याच टेबलावर राहिल्या. कारखाना बंद झाला तोपर्यंत तिथेच होत्या, असं नंतर कळलं.

मागच्या महिन्यात इथल्या एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं होतं. एका मुलीने विचारलं, मॅडम, तुम्हाला हे कुणी शिकवलं? मी म्हणाले, अनुभवाने. सभागृहातून बाहेर आले, टावर चौकापर्यंत पायी आले, आणि घराकडे वळायच्या ऐवजी रिक्षात बसून भैरवगढला गेले.

घर शोधायला वेळ लागला नाही. आपा ओसरीत होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले. आता घरी पुन्हा बाटिकचं, मेण लावून कापड रंगवायचं काम चालतं. सून मेणाच्या कढईपाशी बसली होती. त्यांनी मला लगेच ओळखलं, बसायला मोढा दिला. मी बसले नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. केबिनमधलं, शब्दाला शब्द.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मुझे तो मालूम ही था, दीदी. मुझसे किसी ने पूछा नहीं, ये मुझसे अच्छा और कौन जानेगा?"

जाऊ दे म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही. ती मागितली असती तर त्यांना आणखी एकदा मला काहीतरी द्यावं लागलं असतं.

तेवढ्यात सुनेने कापडावर मेण घातलं आणि आपा तिच्याकडे वळल्या. "ठंडा है. ठंडा मोम कपड़े पे बैठ जाता है. गरम होगा तो भीतर उतरेगा. तेरे को बिठाना नहीं है, उतारना है."

सुनेने कढईखालची आच वाढवली. आणि मी, ओसरीच्या पायरीवर उभी, ते वाक्य मनात पाठ करत होते.