पणजीत गाडी कुठं लावली

लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर मला एकट्यानं मोटरसायकलवर पणजीला जायची हुक्की आली. कारण विचाराल तर काही नाही. चाकणच्या कंपनीत शिफ्ट करायची, घरी यायचं तर काळेवाडीच्या ट्रॅफिकमधून, डोकं नुसतं भणभणायचं. बायको म्हणाली, "मीबी येते." मी ऐटीत सांगितलं, "ही सोलो राइड आहे. सोलो म्हणजे एकटा."

ती मावळातल्या शेतकरी घरातली. मोजकं बोलणार, पण वर्मावर. "जा की. पर तुमाला एकट्याला जमायचं न्हाई," म्हणाली आणि तिनं बोलणंच टाकलं. आठ दिवस डबा वेळेवर मिळत होता, शब्द मात्र एक नाही. मग मीही पेटलो. म्हटलं, आता जमवूनच दाखवतो, आणि वाटेतून एक फोनसुद्धा करणार नाही.

बुधवारी निघालो, सावंतवाडीला लॉजवर झोपलो आणि गुरुवारी सकाळी पणजीत शिरलो. गुरुवार मुद्दाम निवडला होता. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची, तोच आमचा रविवार. राजधानी मस्त मोकळी मिळेल असं मी धरून चाललेलो. जाऊन बघतो तर ही भाऊगर्दी! कचेऱ्या चालू, रस्ते तुंबलेले, गाडी लावायला वीतभर जागा नाही. तेव्हा कुठं टाळक्यात प्रकाश पडला की गुरुवारची सुट्टी फक्त आम्हालाच असते.

शेवटी एका चढाच्या गल्लीत, पिवळ्या घराशेजारी गाडी घुसवली आणि पायी सुटलो. पांढऱ्या चर्चच्या पायऱ्या चढलो, नदीकाठानं लांबवर गेलो, एका खानावळीत माशाची थाळी हाणली. मजा येत होती, खोटं कशाला बोलू? फक्त सारखं शेजारी वळून "ते बघ" म्हणायची सवय जात नव्हती. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा शेजारी कॉलेजातली एक मुलगी होती. बिचारी दोन पावलं लांब सरकली.

जेवण झाल्यावर सहज खिशात हात घातला. चावी नाही. शर्ट चाचपला, बॅग उलटी केली, हेल्मेटमध्येही बघितलं. मग आठवलं. चावी गाडीलाच होती. बरं, गाडी कुठं? तर पिवळ्या घराशेजारी. आणि त्या भागात अर्धी घरं पिवळी आहेत, राव!

पुढचे तीन तास मी जी राजधानी पाहिली, ती कुठल्या पर्यटकानं पाहिली नसेल. एकेका गल्लीत चार-चार वेळा गेलो. आधी भुंकणारी कुत्री नंतर मान वर करायचीसुद्धा बंद झाली. नवी कोरी गाडी, चावीसकट आंदण दिल्यासारखी सोडून आलेलो. स्वतःला आईमाईवरून शिव्या घालून झाल्या. रडायचंच काय ते बाकी होतं. शेवटी नाक मुठीत धरून फोन लावला.

"अगं, एक विचारायचं होतं..."

"गाडी गेली?"

"गेली नाही. म्हणजे, कुठं लावली तेच आठवत नाही."

"आन चावी?"

"गाडीलाच."

आता ही खो खो हसणार असं वाटलं. हसली नाही. "व्हय," म्हणाली, "एरवी मी उभी असते ना तिथं."

खरंच की! बँक असो, दवाखाना असो, पिंपरीची मंडई असो, बावीस वर्षं माझं एकच. इंजिन बंद करायचं, चावी तशीच ठेवायची आणि म्हणायचं, "तू थांब गाडीपाशी, मी आलोच." ती उभी असेल तिथं गाडी असायची. मी कधी काही लक्षात ठेवलंच नव्हतं.

"उतरल्यावर पयलं काय दिसलं?" तिनं विचारलं.

"एक विहीर होती. जुनी, कठडा बांधलेली."

"मंग विहीर विचारा की लोकांला! पिवळं घर काय विचारत बसलाय?"

पहिल्याच माणसानं हात करून दाखवली. दोन गल्ल्या पलीकडं विहीर, विहिरीशेजारी गाडी, गाडीला चावी. कुणी बोट लावलं नव्हतं. मी फोनवर ओरडलोच, "सापडली गं! पुढच्या वेळी तुला घेऊनच येतो. इथं देवळंपण आहेत, मोठमोठी."

"देवळाचं नका सांगू," ती म्हणाली. "आधी मी जाऊन येतो, मंग तू जा, म्हणता. आन भाईर आलात की म्हणता, चल, उशीर झाला. बावीस वर्सांत तुमी मला इतक्या देवळांला नेलंत, पर त्यातला एकबी देव मी पाह्यला न्हाई."

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो नव्हताच. "चुकलं माझं," एवढंच शेवटी माझ्या तोंडून निघालं, आणि तेही तिनं फोन ठेवल्यावर.