पहिली टाळी

आणीबाणी नुकतीच उठली होती आणि अनोळखी माणूस दिसला की मला तो सीआयडीचाच वाटायचा. भंडाऱ्याच्या विद्यार्थी नेतृत्व परिषदेला मी आमच्या कॉलेजचा प्रतिनिधी म्हणून गेलो होतो. तिथे शेवटच्या रांगेत एक चाळिशीचा माणूस बसायचा. त्याच्या छातीवर बिल्ला नव्हता. भाषण चालू असताना तो डोळे मिटून तंबाखू चघळायचा, मधेच डोळे उघडून टाळी वाजवायचा आणि मग अख्खा हॉल वाजायला लागायचा.

धानकापणीच्या दिवसांत परीक्षा ठेवू नका, असं मी पोटतिडकीने बोललो. समोरची बहुतेक पोरं शेतकऱ्यांचीच होती, तरी सगळी गप्प. मागे तो निवांत तंबाखू मळत होता.

चहाच्या वेळी मी त्याला गाठलं.

"माह्यावेळी टाळी काहून नाही वाजवली?"

तो जराही ओशाळला नाही. "भाषण बेस होतं तुमचं, भाऊ. माह्याबी घरी धान आहे, मले पटलं. पण तुमच्यासाठी वाजव म्हणून मले कोणी सांगतलंच नोहतं."

आता माझ्या भाषणांना टाळ्या पडतात. पडल्या की मी आधी शेवटची रांग पाहतो.