जाऊबाईंचा नाका

निजामाच्या मुलखात त्या काळी सरहद्दीवर करोडगिरीचे नाके असायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीतल्या पोत्यापोत्यात हात घालून मालाची तपासणी व्हायची. पण ते नाकेदार आमच्या थोरल्या जाऊबाईंपुढे अगदीच लेचेपेचे म्हणायचे. वालूरला आमच्या घराच्या ओट्यावर बाईंनी जो नाका बसवला होता, तिथून पाहुणे सुटायचे, भाजीची जुडी सुटायची, एखाद्या वेळी कुत्रंसुद्धा सुटायचं. वाईट बातमी मात्र सुटायची नाही. मी त्यांना बाईच म्हणत असे, आणि तो नाका बसला माझ्यामुळे.

मला चाळिशीच्या तोंडावर दिवस गेले होते. बाईंच्या लेकाचं लग्न होऊन घरात सून आलेली, आणि आता तिची चुलतसासूच गरोदर! पाणवठ्यावर तोंड दाखवायची मला लाज वाटायची. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. आधीची माझी दोन पोटातच गेली होती. दुसऱ्या खेपेला माझा पाठचा भाऊ गेल्याचा सांगावा घेऊन एक माणूस थेट चुलीपाशी येऊन उभा राहिला, आणि त्याच आठवड्यात माझं पोट रिकामं झालं. त्यानंतर कितीतरी वर्षांनी हे. आता राहिलं तर राहिलं, नाहीतर पुन्हा काही व्हायचं नाही, हे मलाही कळत होतं आणि गावालाही. भाऊबंदातल्या बायका नाना कारणं सांगायच्या. बाईंच्या मनानं मात्र एकच घेतलं होतं की बातमीनं पोर नेलं. तेव्हा बातमीला उंबरा ओलांडू द्यायचा नाही.

मग काय विचारता! सकाळची भाकरी झाली की बाई ओट्यावर बाजलं टाकायच्या आणि मांडीवर सूप घेऊन बसायच्या. मला भेटायला येणारीनं आत जाऊन काय बोलणार ते आधी त्यांच्यापाशी बोलून दाखवायचं. नुसती वाईट बातमी नाही एवढ्यावर भागत नसे. ऐकून बाईंना हसू आलं पाहिजे. राज्याची ती शेवटची शेवटची वर्षं, गावोगाव धामधूम, रोज काहीतरी धडकी भरवणारं कानावर यायचं. ते सगळं बाई ओट्यावरच उतरवून घ्यायच्या. आत माझ्यापर्यंत काय पोचायचं, तर कुणाचं रेडकू कुणाच्या देवघरात शिरलं आणि कुणाचा जावई झोपेत सासऱ्याला मामलेदार समजून सलाम करतो.

आमच्या सेलूच्या आत्याबाईंची पंचाईत झाली. त्यांची कुठलीही गोष्ट कुणीतरी मेल्याशिवाय संपतच नसे. त्या एकदा आल्या आणि त्यांनी ओट्यावर आपल्या म्हशीची गोष्ट मांडली. म्हैस घागरभर दूध देते, म्हैस आत्याबाईंच्या हाका ओळखते, सगळं ठीक चाललं होतं. आणि शेवटी म्हैस मेली. बाईंनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आत्याबाई, म्हस जित्ती करा, मंग आत जावा." आत्याबाई फुगल्या. परत निघाल्या, वळल्या, चहा घेतला. अखेर म्हणाल्या, म्हैस मेली नव्हती, नुसती बसली होती. बाईंनी लगेच वाट मोकळी केली.

एकदा माझी नाडी बघायला हकीमसाहेबांना बोलावलं. त्यांनाही सूट मिळाली नाही. बिचाऱ्यांनी दाढी कुरवाळत आपल्या अस्सल उर्दूत एक विनोद सांगितला. त्यातलं आमच्या घरात कुणाला एक अक्षर कळलं नाही. बाई मात्र पदरात तोंड घालून इतक्या हसल्या की हकीमसाहेब खूश होऊन गेले. ते वाटेला लागल्यावर बाईंनी मला हळूच विचारलं, ते काय म्हणाले म्हणून!

खाण्यापिण्यातही त्यांचाच हुकूम. मला डोहाळे म्हणून काही लागले नाहीत, तर ते बाईंना लागले. कवठ, भाजलेल्या शेंगा, खारीक, शेपूची भाजी असं रोज काहीतरी त्यांना माझ्या वतीनं हवंसं वाटायचं. मग ते घरात यायचं आणि चवीला म्हणून निम्मं त्याच संपवायच्या. सकाळ-संध्याकाळ मला अंगणात तुळशीभोवती चालवायच्या. स्वतः दुधाचा पेला घेऊन उलट्या पावलांनी माझ्यापुढे चालायच्या, वासराला आंबोण दाखवून पुढं न्यावं तसं. दुपारी मला डाव्या कुशीवर निजवायच्या, शेजारी स्वतः आडव्या व्हायच्या, आणि झोप कशी घ्यावी हे घोरून दाखवायच्या. मी आपली आढ्याकडे बघत जागी.

अशाच एका दुपारी मला फार रडू आलं. दोन वेळा जिथं संपलं ते महिने जवळ येत होते. बाई, मला लय भ्या वाटायलंय, एवढंच कसंबसं बोलले. मला वाटलं, आता काहीतरी हसायचं काढतील. त्या उठून भिंतीला टेकून बसल्या आणि मलाही बसवलं.

"वाटू दे की. भिऊ नको म्हनत न्हाई मी. पन एकटीनं भिऊ नको. मला हाक मार, दोघी मिळून भिऊ."

आणि खरंच आम्ही दोघी हातात हात घेऊन भीत बसलो. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "झालं का भिऊन? मला भाकरी टाकायच्यात." त्या दिवसापासून माझी झोप सुधारली. औषधानं नाही, त्यानंच.

आठव्या महिन्यात बाई एकाएकी तीन दिवस बाजूला बसल्या. मागच्या पडवीत त्यांचं घोंगडं, त्यांचं ताट वेगळं. मला म्हणाल्या, कावळा शिवला. त्यांचं ते सगळं केव्हाच थांबलेलं, म्हणून मी नवलानं बघत राहिले, तर पडवीतूनच म्हणाल्या, "तुला चाळिशीत दिवस गेले अन् मला पन्नाशीत कावळा शिवला. ह्या घरात समदं उलटंच चालायलंय." मी पोट धरून हसले. डोळे लाल दिसले, तर शेजारी मिरच्या कांडतात म्हणाल्या. तीनही दिवस पडवीतून त्यांनी मला अंगणात चालायला लावलं आणि तिथूनच गोष्टी ऐकवल्या. चौथ्या दिवशी न्हाऊन त्या पुन्हा ओट्यावर हजर.

मला मुलगी झाली. हातीपायी धड, आणि आवाज असा की वेशीपर्यंत जावा. बाईंनी गावभर घुगऱ्या वाटल्या. सव्वा महिना झाल्यावर मी पहिल्यांदा पेटी उघडली आणि एक चांगला खण काढून बाईंच्या हातात दिला. राणीसावरगावला त्यांची आई होती, म्हातारी, माझ्यासाठी दर सणाला काही ना काही धाडणारी. म्हटलं, हा तुमच्या आईला पाठवा, नातीचा म्हणून.

बाईंनी खणाची घडी उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाल्या, "माय न्हाई गं आता."

तेव्हा मला कळलं. आठव्या महिन्यातला तो सांगावा त्यांनी ओट्यावर एकटीनं ऐकला होता. लग्न झालेल्या लेकीला आईचं सुतक तीन दिवसांचं. ते त्यांनी कावळ्याच्या नावावर पाळलं. दहाव्याला माहेरी गेल्या असत्या तर मी कारण विचारलं असतं, म्हणून गेल्या नाहीत. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून. मी त्यांच्या थट्टेवर हसत होते.

"मला सांगायचं तरी व्हतं, बाई."

"माय तर गेलीच व्हती. तुला सांगून ती काय माघारी येनार व्हती? अन् ही तर अजून यायची व्हती."

एवढं बोलून त्यांनी खण तोंडाला लावला. लग्न होऊन मी त्या घरात आल्यापासून बाईंना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांची समजूत घातली नाही. लेक त्यांच्या मांडीवर ठेवली आणि शेजारी भिंतीला टेकून बसले. त्या आईचं नाव घेऊन पोटभर रडल्या. लेक मांडीवर गाढ झोपली होती. दिवस कलला, चूल पेटवायची वेळ टळून गेली, सून दारातून दोनदा डोकावून गेली, पण मी हलले नाही. आईसाठी रडायला त्या इतके दिवस थांबल्या होत्या. त्यांना घाई करणारी मी कोण?