धबधब्यावर मी उचललेला हात

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या ताईच्या नवऱ्याचे. भावोजी शाळेत गेलेले नाहीत. डहाणूच्या एका चिकूवाडीत मजुरी करतात. दहावीनंतर त्यांनी मला तलासरीच्या पाड्यावरून आपल्या घरी आणलं आणि पाच वर्षं शिकवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी.

२०१७च्या पावसाळ्यात निकाल लागला, तेव्हा भावोजी, मी आणि माझे तीन मित्र वाडीच्या टेम्पोने राज्याच्या सीमेपलीकडच्या राष्ट्रीय उद्यानातला धबधबा बघायला गेलो. त्याचा आवाज लांबूनच छातीत बसत होता. जवळ गेल्यावर बोललेलं ऐकू येईना.

पाण्यात उतरण्याआधी आमच्यात काठाला चिमूटभर तांदूळ सोडतात. भावोजींनी सोडले आणि वाकून पाहिलं.

"दाणे दिसत नाहीत. पाणी गढूळ झालंय, वर पाऊस लागलाय. कोणी उतरायचं नाही."

"भावोजी, पाण्याचं पोट भरलं की सांगा," मी ओरडून म्हणालो.

"तुझे भावोजी हवामान खात्यात आहेत का रे?" एक मित्र म्हणाला. सगळे हसले. त्या हसण्याच्या जोरावर मी उतरलो.

मधल्या खडकावर पोचलो आणि वरून आलेल्या मातीने पाणी लाल झालं. बघता बघता गुडघ्याला, मग कमरेला लागलं. कड्यावरून एक अख्खं झाड खाली आलं आणि माझ्यासमोर फुटलं. माझे पाय सुटले. पाण्याने मला दोनदा खडकावर आपटलं. तेवढ्यात भावोजींनी टेम्पोतली चिकू उतरवायची लांब काठी पुढे केली. तिच्या टोकाची जाळी मी धरली. मित्रांनी भावोजींना मागून धरून ठेवलं होतं.

काठावर ओढताच त्यांनी मला थोबाडीत मारली. "ताईला काय सांगितलं असतं मी? बोल!" दुसरी मारली. मित्र बघत होते. मी मूठ वळून त्यांच्या तोंडावर मारली. भावोजी खाली बसले. ओंजळीत रक्त थुंकलं, त्यात समोरचा दात होता.

मित्र मला शिव्या देत माझ्यावर धावले. भावोजी म्हणाले, "सोडा त्याला. भ्यालाय तो."

घरी ताईला त्यांनी सांगितलं, "शेवाळावर घसरलो." मी शेजारीच उभा होतो. गप्प राहिलो. डहाणू रोडला नोकरी लागली, तिथेच खोली घेतली, तरी गप्पच. दर सणाला ताई त्यांना भाकरी दुधात कुस्करून द्यायची आणि हसायची, "इतकं कसं घसरलात हो तुम्ही?" भावोजीही हसायचे. मी ताटावरून उठायचो.

शेवटी पत्र लिहिलं.

"भावोजींस साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या पोराकडून वाचून घेऊ नका, ताईकडूनच घ्या. ताई, हे घसरले नव्हते. यांनी मला पुरातून ओढून काढलं, आणि मी यांना मारलं. दात मी पाडला. भावोजी, तुम्ही मारलंत ते माझ्या जिवासाठी. मी मारलं ते चार जणांत माझी मान खाली गेली म्हणून. रविवारी येतो. ताईने दार उघडलं नाही, तर अंगणात बसेन."